लुई ब्रेल: बोटांनी वाचावयाचे पान

अंध लोक सहा ठिपक्यांची लिपी बोटांनी वाचतात, हे आपल्यापैकी बहुतेकींना ठाऊक असते. ती लिपी लुई ब्रेल नावाच्या एका फ्रेंच गृहस्थाने तयार केली, हेही शाळेत असताना कानावरून गेलेले असते. परंतु त्या गृहस्थाने अक्षरांइतकाच विचार स्वल्पविरामाचा, कंसाचा आणि आकड्यांचा केला होता, व त्याच्या कामाचे निम्मे मोल त्यातच आहे, हे सहसा कोणी सांगत नाही. त्याचे चरित्र पुष्कळांनी लिहिले आहे. येथे ते ह्या बाजूने सांगावयाचे आहे.

लुईचा जन्म ४ जानेवारी १८०९ रोजी कूव्रे ह्या खेड्यात झाला. पॅरिसच्या पूर्वेस सुमारे चाळीस किलोमीटरवर हे गाव आहे. वडील सिमों-रने हे घोड्यांचे साज करणारे कारागीर. खोगीर, लगाम, पट्टे असे काम घरालगतच्या खोलीत चाले. आईचे नाव मोनिक. चार भावंडांत लुई सर्वांत धाकटा. तो तीन वर्षांचा असताना वडिलांच्या कामाच्या खोलीत शिरला आणि चामड्याला भोक पाडावयाची आरी घेऊन खेळू लागला. ती निसटून डोळ्यात गेली. जखम चिघळली, दुसऱ्या डोळ्यालाही बाधा झाली आणि पाच वर्षांचा होईतो मुलाला काहीच दिसेनासे झाले.

त्या काळी खेड्यातल्या आंधळ्या मुलापुढे भीक मागण्यावाचून फारसे काही नसे. ह्या आईबापांनी मात्र पोराला कोपऱ्यात बसवून ठेवले नाही. वडिलांनी त्याच्या उंचीची काठी करून दिली, आणि लाकडी फळीवर गोल डोक्याचे खिळे अक्षराच्या आकारात ठोकून मुळाक्षरे ओळखावयास शिकवली. गावचे पाद्री पाल्वी हे त्याला शिकवीत. पुढे शाळामास्तर बेशरे ह्यांनी त्याला इतर मुलांबरोबर वर्गात बसवून घेतले. नुसते ऐकून तो त्यांच्या पुढे जाऊ लागला. पण मुले पुस्तक उघडीत, तेथे त्याची वाट संपे.

पॅरिसला व्हालांतँ आउई ह्यांनी १७८५ च्या सुमारास अंध मुलांसाठी शाळा काढली होती. अशा प्रकारची ती जगातील पहिलीच शाळा. तेथे १५ फेब्रुवारी १८१९ रोजी, वयाच्या दहाव्या वर्षी, लुई दाखल झाला. इमारत जुनी, ओलसर, कोंदट. तेथील हवेने पुढे अनेक मुलांच्या छातीवर परिणाम केला, त्यांत लुईही एक होता.

शाळेत पुस्तके होती. पण ती कशी, हे नीट समजून घेतले पाहिजे. आउई ह्यांनी नेहमीचीच फ्रेंच अक्षरे जाड कागदावर दाबून उठावाची केली होती. डोळस माणसाला पाहून कौतुक वाटावे अशी ती पुस्तके. डोळा अक्षर एका दृष्टीत घेतो. बोटाला मात्र त्या अक्षराच्या कडेकडेने, वळणावळणाने फिरावे लागते. ओळ संपेपर्यंत ओळीचा आरंभ विसरावा इतका वेळ लागे. अक्षरे मोठी, म्हणून पुस्तके अवजड. आणि सर्वांत मोठी अडचण म्हणजे त्या तऱ्हेने मुलांना स्वतःला काही लिहिता येत नसे. दुसऱ्याने दिलेले वाचावयाचे. आपले म्हणणे कागदावर उतरवावयाचे नाही.

१८२१ साली शार्ल बार्बिए नावाचे निवृत्त तोफखाना अधिकारी आपली एक ठिपक्यांची पद्धत घेऊन शाळेत आले. रात्रीच्या अंधारात सैनिकांना हुकूम वाचता यावे म्हणून ती निघाली, अशी गोष्ट सगळीकडे सांगतात. पण बार्बिए ह्यांच्या लिखाणात शाळेचे तोंड न पाहिलेल्या गरिबांचा व अंधांचा विचारच अधिक दिसतो. त्यांनी फ्रेंच भाषेतील छत्तीस ध्वनी एका चौकटीत मांडले आणि प्रत्येक ध्वनीची ओळ व रकाना ठिपक्यांच्या दोन उभ्या रांगांनी दाखविला. एका रांगेत सहापर्यंत ठिपके. म्हणजे एका ध्वनीला बारापर्यंत ठिपके लागत. टोचणीने कागदावर ते मुलांना स्वतःच टोचता येत, आणि कड्यांपेक्षा ठिपके बोटाला लवकर कळत. मुलांना आनंद झाला. लुईने ती पद्धत चटकन आत्मसात केली, आणि तिच्यातले उणेही त्याच्या ध्यानी आले.

बारा ठिपके बोटाच्या एका टोकाखाली मावत नव्हते, बोट वरखाली करावे लागे, हे पहिले उणे. दुसरे अधिक खोल होते. ती पद्धत ध्वनींची होती; तिच्यात शुद्धलेखन नव्हते. विरामचिन्हे नव्हती. आकडे नव्हते, संगीत लिहिण्याची सोय नव्हती. बार्बिए सज्जन गृहस्थ होते. परंतु गरिबाला किंवा आंधळ्याला उच्चाराबरहुकूम निरोप लिहिता-वाचता आला म्हणजे पुष्कळ झाले, असा त्यांच्या योजनेचा रोख होता. मुलींना धोब्याचा हिशेब आणि माहेरचे पत्र वाचण्यापुरते शिकवा, असे म्हणणारी भली माणसे आपल्याकडेही होती. आपल्या आज्या-पणज्यांनी ती पाहिली आहेत. त्यांच्या मनात वाईट नसे. तरी पुरते देण्यात आणि पुरेसे वाटेल तेवढे देण्यात किती अंतर असते, हे ज्याला घ्यावयाचे असते त्यालाच कळते. लुईला ते बाराव्या वर्षी कळले.

त्याने दिवसाचे वर्ग संपल्यावर, रात्री, आणि सुटीत कूव्रेला गेल्यावर कागदावर ठिपके टोचून पाहण्याचा सपाटा लावला. १८२४ साली, पंधरा वर्षांचा असताना, त्याची मांडणी तयार झाली. बारा ठिपक्यांचे सहा झाले: तीन-तीन ठिपक्यांच्या दोन उभ्या रांगा. ठिपक्यांच्या रांगोळीचा अगदी लहान तुकडा मनात आणावा, म्हणजे हे घर डोळ्यांपुढे येईल. ते बोटाच्या टोकाखाली पुरते मावते. कोठे ठिपका द्यावयाचा आणि कोठे नाही, ह्यावरून त्रेसष्ट निरनिराळ्या खुणा होतात. आणि प्रत्येक खूण ध्वनीला नव्हे, तर लिहिल्या जाणाऱ्या अक्षराला दिलेली.

त्या खुणाही त्याने वाटेल तशा वाटल्या नाहीत. पहिली दहा अक्षरे घराच्या वरच्या चार ठिपक्यांतच बसविली. पुढच्या दहांसाठी त्याच आकृतींना खालचा डावा ठिपका जोडला, नंतरच्यांना खालचे दोन्ही, आणि असेच पुढे. मग त्याने पहिल्या दहा आकृती जशाच्या तशा एक पायरी खाली सरकविल्या, आणि त्या विरामचिन्हांना दिल्या. आपल्या मराठी ब्रेलमध्येही हे पाहता येते. डावीकडचा सर्वांत वरचा एकच ठिपका म्हणजे अ. तो एक पायरी खाली आला की स्वल्पविराम. ब खाली सरकला की अर्धविराम, च खाली सरकला की अपूर्णविराम, द खाली सरकला की पूर्णविराम. ज्याला अक्षरे येतात त्याला विरामचिन्हे जवळजवळ फुकट मिळतात. पंधरा वर्षांच्या मुलाच्या डोक्यातून निघालेली ही मांडणी इतकी नीटस आहे की मला तरी ती लिपीच्या शोधापेक्षाही अधिक नवलाची वाटते.

परंतु ह्या मांडणीमुळे एक पथ्यही आले. मोकळ्या जागेत एकटा ठिपका हाताला लागला, तर तो वरचा की मधला हे बोटाला कसे कळावे? शेजारच्या अक्षराला चिकटून असेल तरच कळते. म्हणून ब्रेलमध्ये स्वल्पविराम किंवा पूर्णविराम शब्दाला अगदी लागून द्यावयाचा, मध्ये घर सोडावयाचे नाही. छापील पुस्तकात प्रश्नचिन्हाआधी थोडी जागा सुटली तर आपले काही बिघडत नाही. बोटाच्या पानावर तेवढ्याने चिन्हाचे अक्षर होऊन बसते. इंग्रजी ब्रेलमध्ये तर प्रश्नचिन्ह आणि आरंभीचे अवतरणचिन्ह ह्यांची खूण एकच आहे. शब्दाच्या मागे आली तर प्रश्न, पुढे आली तर अवतरण.

आकड्यांचेही असेच. १ ते ९ आणि शून्य ह्यांना वेगळ्या खुणा नाहीत. पहिल्या दहा अक्षरांच्याच खुणा आकड्यांनाही वापरतात, आणि आधी एक अंकचिन्ह देतात. ते चिन्ह गाळले, तर मराठी ब्रेलमध्ये १८०९ ह्या लुईच्या जन्मसालाचे वाचन अ, ह, ज, इ असे होईल. टोचणाऱ्याच्या हातून एक घर राहिले की साल गेले!

१८२८ मध्ये लुई त्याच शाळेत साहाय्यक शिक्षक झाला, आणि १८३३ मध्ये पुरता शिक्षक. येथून पुढे त्यांना अहोजाहो केले पाहिजे. ब्रेल मास्तर व्याकरण, इतिहास, भूगोल, गणित, संगीत असे बरेच विषय शिकवीत. अंकगणिताचे एक लहान पुस्तकही त्यांनी लिहिले. ऑर्गन ते उत्तम वाजवीत; पॅरिसमधील सें-निकोला-दे-शां ह्या चर्चमध्ये ते वादक होते. बोलणे थोडे, वागणे नेमस्त, हात सढळ. गॅब्रिएल गोत्ये आणि इपोलित कोल्ता हे त्यांचे अंध सहाध्यायी त्यांचे जन्माचे मित्र झाले.

त्यांनी आपली पद्धत १८२९ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. शब्द, संगीत आणि चर्चमधील गायन ठिपक्यांनी कसे लिहावे ह्याचे ते पुस्तक. गंमत अशी की, त्यातील स्पष्टीकरण शाळेच्या रीतीप्रमाणे जुन्या उठावाच्या अक्षरांतच छापलेले होते. प्रस्तावनेत बार्बिए ह्यांचे ऋण त्यांनी मोकळ्या मनाने मान्य केले, जरी शुद्धलेखनाच्या प्रश्नावर त्या दोघांचे कधी जमले नाही. पहिल्या आवृत्तीत ठिपक्यांबरोबर आडव्या रेघाही होत्या. रेघ टोचावयास कठीण आणि बोटाला ओळखावयास अवघड, म्हणून १८३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी त्या काढून टाकल्या. त्याच साली शाळेच्या छापखान्यात फ्रान्सच्या इतिहासाचे एक पुस्तक ब्रेल लिपीत छापले गेले. त्याचे तीन भाग झाले. ब्रेल पुस्तक जागा फार खाते, ती गोष्ट तेव्हापासूनचीच आहे.

सव्विसाव्या वर्षाच्या सुमारास त्यांना क्षयाची बाधा झाल्याचे दिसू लागले. मधूनमधून कूव्रेला जाऊन विश्रांती घ्यावी लागे. वडील १८३१ साली वारले होते. घरी आई होती. ब्रेल लिपीत लिहिलेले पत्र तिला कसे वाचता येणार? अंध मुलांचे आईबाप, भावंडे डोळस असतात, हा विचार ह्या माणसाने कधी दृष्टीआड केला नाही. १८३९ साली त्यांनी आणखी एक पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यात ठिपके ठरावीक चौकटीत मोजून असे द्यावयाचे की त्यांतून नेहमीच्या अक्षराचाच आकार उमटावा. पिएर फूको ह्या अंध कारागिराने पुढे त्यासाठी यंत्रही केले. म्हणजे अंध मुलाने लिहावे आणि आईने ते डोळ्यांनी वाचावे, अशी सोय झाली.

अशात शाळेवर वेगळीच वेळ आली. लुईच्या बाजूचे संचालक पिन्ये ह्यांना १८४० साली जावे लागले आणि द्युफो हे संचालक झाले. डोळसांपेक्षा निराळी लिपी दिली तर अंध समाजापासून तुटतील, असे म्हणणाऱ्या पक्षाचे ते होते. नव्या वळणाची उठावाची अक्षरे आली आणि ब्रेल लिपीला वर्गात मज्जाव झाला. शिक्षकांना हा मुद्दा वजनदार वाटत असे, आणि वरवर पाहता तो वजनदार आहेही. पण त्यात एक गोष्ट सुटत होती. डोळसांसारखे दिसणारे पान अंधाच्या हाती देणे, आणि डोळसाला त्याच्या पानातून जे मिळते ते सर्व अंधाला त्याच्या पानातून मिळणे, ह्या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. मुलांनी हे आपल्यापरीने ठरवून टाकले. ती लपूनछपून ठिपक्यांतच टिपणे काढीत, एकमेकांना चिठ्ठ्या लिहीत. खोलीत दिवा नसला तरी ह्या चोरीला काही अडत नव्हते.

शेवटी शाळेचे दुय्यम अधिकारी जोसेफ ग्वादे ह्यांनी द्युफोंचे मन वळविले. २२ फेब्रुवारी १८४४ रोजी शाळेच्या नव्या इमारतीचे उद्घाटन झाले. त्या समारंभात ब्रेल पद्धतीची माहिती जाहीरपणे सांगण्यात आली व मुलांकडून प्रयोगही करून दाखविला गेला. ब्रेल समोर होते. त्यांची प्रकृती तेव्हा बरीच ढासळलेली होती. ६ जानेवारी १८५२ रोजी, त्रेचाळिसावा वाढदिवस होऊन दोनच दिवस झाले असता, ते शाळेतच वारले. पॅरिसच्या वृत्तपत्रांना त्याची दखलही नव्हती. त्यांचा देह कूव्रेच्या स्मशानभूमीत नेला. शाळेने त्यांची लिपी रीतसर स्वीकारली ती १८५४ साली, आणि १८७८ मध्ये पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने तिला मान्यता दिली.

लिपी देशोदेशी गेली, तशी छापील पुस्तके ब्रेलमध्ये उतरविण्याची कामे सुरू झाली. फ्रान्स, इंग्लंड, अमेरिका येथे ह्या कामाचा मोठा भार घरी बसून स्त्रियांनी उचलला. पाटीच्या चौकटीत कागद धरावयाचा आणि टोचणीने उजवीकडून डावीकडे उलटी अक्षरे टोचावयाची. कागद पालटला की ठिपके वर येतात आणि ओळ डावीकडून वाचता येते. ठिपका चुकीच्या जागी पडला तर नखाने दाबून बसवितात, पण त्याची खूण बोटाला कळतेच. विणकामात टाका चुकला की उसवता येतो. येथे पान पुन्हा करावे लागते.

हे काम करताकरता पानाचे नियमही ठरत गेले, आणि ते सर्व ब्रेल मास्तरांच्या वाटेनेच गेले. डोळ्यासाठी मथळा मोठ्या, ठळक टाइपात छापतात. ब्रेल ठिपका लहानमोठा करता येत नाही; म्हणून मथळा ओळीच्या मध्यावर घ्यावयाचा आणि त्याच्या वर एखादी ओळ कोरी सोडावयाची. परिच्छेद बदलला की दोन घरे सोडून तिसऱ्यापासून आरंभ करावयाचा. मध्ये कोरी ओळ उगीच घालवावयाची नाही, कारण पान भरले की पुस्तकाचे वजन वाढते, आणि ते वजन वाचणाऱ्याच्याच मांडीवर असते. तिरपा टाइप छापणाऱ्याने शोभेसाठी वापरला असेल तर सोडून द्यावयाचा. त्याने अर्थ बदलत असेल तर त्याची खूण द्यावयाची. चित्र असेल तेथे त्यात काय आहे ते थोडक्यात लिहावयाचे. शाळेच्या पुस्तकात छापील पानांचे आकडेही ब्रेल पानावर घेतात, म्हणजे बाईंनी वर्गात अमुक पान काढावयास सांगितले की अंध मुलगीही तेच पान काढते. ह्या एका सोयीसाठी टोचणाऱ्याचे कितीतरी जादा श्रम जातात.

आपल्याकडे मुंबईत १९०० साली अमेरिकन मिशनच्या मिस मिलार्ड ह्यांनी अंधांची शाळा काढली. पण भारतात तेव्हा ब्रेलच्या एक ना अनेक पद्धती होत्या; एका प्रांतातले ठिपके दुसरीकडे लागत नसत. १९५१ साली सर्व भारतीय भाषांसाठी भारती ब्रेल ठरली आणि त्याच वर्षी देहरादूनला ब्रेल छापखाना सुरू झाला. तिच्यात बाराखडी आहे, पण वेलांटी-उकार अक्षराच्या वरखाली नसतात. मात्रांऐवजी स्वर अक्षराच्या मागे येतो. म्हणजे कि लिहावयाचे तर आधी क, मग इ. आपली ऱ्हस्व वेलांटी डोळ्याला अक्षराच्या आधी दिसते. बोटाला ती उच्चाराच्या क्रमाने, नंतर मिळते. क्ष आणि ज्ञ ह्यांना स्वतंत्र खुणा आहेत.

आता मजकूर संगणकावर टाइप केला की त्याची ब्रेल यंत्रच करून देते. म्हणून काळजी संपली असे मात्र नाही. मथळा मध्यावर आणण्यासाठी कोणी मोकळ्या जागेची कळ पंधरा वेळा दाबलेली असते, कोणी प्रत्येक ओळीच्या शेवटी परिच्छेद तोडलेला असतो. मराठीत आणखी एक खोड आहे. अपूर्णविरामाच्या जागी विसर्ग आणि विसर्गाच्या जागी अपूर्णविराम टाइप करणाऱ्या पुष्कळ जणी भेटतात. डोळ्याला दोन्ही ठिकाणी दोन टिंबेच दिसतात. यंत्राला मात्र ती दोन निराळी चिन्हे आहेत, आणि त्यांचे ठिपकेही निराळे. मग दुःख ह्या शब्दाच्या मधोमध अपूर्णविराम येऊन पडतो, आणि वाचणाऱ्याचे बोट तेथे अडखळते. आपल्यापैकी ज्या अंध वाचकांसाठी पुस्तके टाइप करून देतात किंवा देऊ इच्छितात, त्यांनी निदान एवढे पाहावे. आणि तयार झालेले पहिले पान एखाद्या अंध वाचकाकडून तपासून घ्यावे. ती चूक जशी त्याच्या बोटाला सापडते, तशी आपल्या डोळ्याला सापडत नाही.

ब्रेल ह्यांच्या मृत्यूला शंभर वर्षे झाली तेव्हा, १९५२ साली, फ्रान्सने त्यांचे अवशेष कूव्रेहून पॅरिसच्या पांतेआँमध्ये, राष्ट्राच्या थोर पुरुषांच्या शेजारी, सन्मानाने नेले. त्या समारंभासाठी हेलन केलर मुद्दाम पॅरिसला गेल्या होत्या. कूव्रेच्या गावकऱ्यांनी मात्र सगळे दिले नाही. त्यांच्या लुईचे हात त्यांनी गावातच ठेवून घेतले. ते तेथील कबरीवर एका लहानशा कलशात आहेत.